खोट्या लिंपेटाची खरी ओळख



वसंत ऋतूतील व्याख्यानांत राजकारण, इतिहास, संगीत, अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले जातात. अशा पंक्तीत आज आम्ही नखाएवढ्या एका समुद्री गोगलगाईसाठी पाट मांडीत आहो, ह्याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. बाजारात तिला किंमत नाही, आणि आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत तिला जागा नाही. तरीसुद्धा गेल्या दहा-बारा वर्षांत तिच्या घराण्यातील अनेक नव्या जाती शास्त्रज्ञांनी जगापुढे ठेवल्या आहेत. 'नवी जाती सापडली' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. सापडली म्हणजे नेमके काय झाले? काल ती तेथे नव्हती काय? आणि कोणी तरी तिला नाव दिले म्हणून जगात असा कोणता फरक पडला? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा आजचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम ह्या प्राण्याचे बिऱ्हाड पाहू. कोकणातल्या मंडळींना सांगावयास नको की, आपल्याकडे समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. भरतीची वरची रेघ आणि ओहोटीची खालची रेघ ह्यांच्यामधला जो खडकाळ पट्टा, तो धड जमीन नव्हे आणि धड समुद्रही नव्हे. तेथे राहणाऱ्याला सकाळी लाटांचा मार खावा लागतो, दुपारी तापलेल्या कातळावर कोरडे बसून राहावे लागते, आणि आषाढात वरून गोड्या पाण्याची धार सोसावी लागते. जागा इतक्या हालाची, पण ती रिकामी नाही. कालवे तेथे खडकाला घट्ट बसलेली असतात, बारीक गोगलगाई भेगांत दाटीने राहतात, आणि त्यांच्यामध्ये उपड्या ठेवलेल्या पणतीसारखे लहान लहान शंख कातळाला चिकटलेले दिसतात. इंग्रजीत ह्यांना लिंपेट म्हणतात; मराठी प्राणिशास्त्रानेही तोच शब्द घेतला आहे.

दिसावयास हा शंख शिंपल्याच्या अर्ध्या झाकणासारखा. पण तो शिंपला नव्हे. आत राहणारा प्राणी गोगलगाईच्या जातकुळीचा आहे. त्याला रुंद, मांसल पाय आहे, डोके आहे, आणि तोंडात कानशीसारखी दातांची पट्टी आहे. शास्त्रज्ञ तिला रेत्रिका म्हणतात. पाण्याने खडक ओला झाला की हा प्राणी हळूहळू फिरतो, कातळावरचे शेवाळ खरवडून खातो, आणि पुष्कळ वेळा आपल्याच चिकट स्रावाच्या वाटेचा माग काढीत पुन्हा जुन्या जागी येऊन बसतो. काही जातींत तर शंखाची कड आणि खडकाचा उंचसखलपणा एकमेकांत इतका बरोबर बसतो की, डबीला तिचे झाकण बसावे. दुपारच्या उन्हात अंगातले पाणी टिकवून धरण्याचा हा त्याचा उपाय आहे.

आता गंमत अशी की, असे टोपीसारखे शंख घालणारे सगळे प्राणी एका घराण्यातले नाहीत. ज्या गावी पाऊस फार, त्या गावी घरांची छपरे उतरती असतात. पण दोन घरांची छपरे सारखी आहेत म्हणून घरमालक सख्खे भाऊ ठरत नाहीत. लाटेचा मार चुकवावयाचा असेल तर बसकी, गोल, निमुळती टोपी हा आकार सोयीचा. म्हणून गोगलगाईंच्या वेगवेगळ्या घराण्यांनी, वेगवेगळ्या काळी, स्वतंत्रपणे हा एकच आकार उचललेला आहे. त्यांपैकी एक घराणे खऱ्या लिंपेटांचे. आपल्या किनाऱ्यावर आढळणारा 'सेलाना रेडिएटा' हा त्यातलाच. दुसरे घराणे 'सायफोनेरिया' ह्या वंशाचे. त्यालाच खोटा लिंपेट म्हणतात. 'खोटा' हा शब्द अर्थात माणसाचा आहे. त्या बिचाऱ्याने कोणालाही फसविलेले नाही, फसलो आपणच.

दोघांतला फरक श्वास घेण्यात आहे. खरा लिंपेट माशाप्रमाणे कल्ल्यांनी श्वास घेतो. खोट्या लिंपेटाजवळ मात्र हवा घेण्याची पोकळी आहे, म्हणजे एका परीने फुप्फुसच. ओहोटीच्या वेळी शंखाच्या उजव्या कडेखालचे एक छिद्र उघडून तो हवा आत घेतो, आणि पाण्याखाली असताना त्याच पोकळीतील कल्ल्यासारख्या घड्यांनी निभावून नेतो. पावसाळ्यात आपल्या परसात फिरणारी गोगलगाय त्याला खऱ्या लिंपेटापेक्षा नात्याने पुष्कळ जवळची आहे. ह्या छिद्रासाठी त्याच्या शंखाला उजव्या बाजूस किंचित फुगवटा असतो आणि आतून पन्हळ असते. मेलेला शंख हातात आला तरी ओळख पटते: खऱ्या लिंपेटाच्या शंखात स्नायूची खूण घोड्याच्या नालासारखी असून ती डोक्याच्या बाजूला उघडी असते, खोट्याच्या शंखात ती उजवीकडे उघडी असते. श्रोत्यांपैकी कोणी समुद्रावर गेले तर रिकामा शंख उलटा करून पाहावा. ह्याला भिंग लागत नाही, नजर पुरते.

आणखीही फरक आहेत. खोटा लिंपेट उभयलिंगी आहे. प्रत्येक प्राण्यात नर आणि मादी ह्या दोघांची इंद्रिये असतात. तो आपली अंडी चिकट, पारदर्शक फितीत गुंफून ती फीत खडकावर वळी करून चिकटवितो. खऱ्या लिंपेटाच्या दातांत गोएथाइट ह्या लोहखनिजाचे तंतू असतात. इंग्लंडमधल्या एका लिंपेटाच्या दातांची ताकद २०१५ साली मोजली गेली, तेव्हा ते कोळ्याच्या धाग्याहूनही बळकट ठरले. खोट्याचे दात तसे कणखर नाहीत, आणि खडकावरची त्याची पकडही तितकी घट्ट नसते. पण त्याच्या अंगातल्या रसायनांमुळे पुष्कळ शत्रू त्याच्या वाटेला जात नाहीत. ज्याला बळ कमी, त्याने चव कडू ठेवावी, हा कारल्याचा न्याय समुद्रातही चालतो असे दिसते.

इतका फरक असताना माणसाने त्यांना एक समजावे, हे कसे? तर थोरामोठ्यांनीही तसेच समजले होते. स्वीडनचा कार्ल लिनीअस हा प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा जनक. त्याच्या 'सिस्टेमा नॅच्युरी' ह्या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात मानली जाते. त्या ग्रंथात त्याने एका खोट्या लिंपेटाला 'पटेला पेक्टिनाटा' असे नाव देऊन सरळ खऱ्या लिंपेटांच्या पंगतीला बसविले. पुढे पासष्ट वर्षांनी, १८२३ साली, इंग्लंडच्या सोवर्बीने सायफोनेरिया हा वंश वेगळा काढला, आणि पेक्टिनाटा त्या घरी गेली. आज तिचे नाव लिहिताना लिनीअसचे नाव आणि १७५८ हे वर्ष कंसात घालतात. तो कंस निरर्थक नाही. 'नाव ह्यांनी ठेवले, पण घर मागाहून बदलले' एवढी हकीकत त्या दोन वक्र रेघांत साठविलेली असते. लग्नानंतर माहेरचे आडनाव कंसात लिहिण्याची रीत आपल्याकडे आहेच; शास्त्रज्ञांचा कंस त्याच जातीचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नवी जाती सापडते म्हणजे काय होते? आपली कल्पना अशी असते की, एखादा धाडसी संशोधक दूरच्या बेटावर उतरतो, दगड उचलतो, आणि आजवर कोणी न पाहिलेला प्राणी त्याच्या हाती लागतो. असे क्वचित घडतही असेल. पण खोट्या लिंपेटाच्या बाबतीत ज्या खडकावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे चाललेली असतात, त्याच खडकावर नवी जाती असते. लोकांनी ती पाहिलेली असते, शास्त्रज्ञांनीही पाहिलेली असते, इतकेच नव्हे तर संग्रहालयाच्या कपाटात तिचे शंख ठेवलेलेही असतात. मात्र चिठ्ठीवर दुसऱ्याच जातीचे नाव असते. सापडणे म्हणजे ह्या प्राण्यांच्या बाबतीत बहुधा वेगळे ओळखणे.

हे वेगळे ओळखणे अवघड का जाते? कारण ह्यांचा शंख हा भरवशाचा साक्षीदार नाही. एकाच जातीचा प्राणी लाटांच्या माऱ्यात वाढला तर त्याचा शंख एका घडणीचा होतो, आडोशाला वाढला तर दुसऱ्या. उन्हापावसाने शंखाचे शिखर झिजते, वर शेवाळ चढते, रेषा पुसट होतात. त्यामुळे जुन्या काळी दोन प्रकारच्या चुका झाल्या. कोणी एकाच जातीच्या निरनिराळ्या शंखांना निरनिराळी नावे देऊन ठेवली. कोणी खरोखर निरनिराळ्या असलेल्या जातींना एकाच नावाखाली कोंबले. स्वीडनचा बेंग्ट हुबेंडिक ह्याने १९४६ साली साऱ्या जगातील अशा टोपीवाल्या गोगलगाईंचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. शंखावर न थांबता त्याने शरीराच्या आतील रचनाही पाहिली. त्याने पुष्कळ नावे एकत्र केली, आणि पुढे कित्येक दशके त्याचाच ग्रंथ आधाराला राहिला.

आज हे काम कसे चालते, ते थोडे सविस्तर सांगतो. कारण ह्या कामाची रीत हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

संशोधक ओहोटीची वेळ पाहून खडकावर जातो. नुसता प्राणी उचलून भागत नाही. नेमकी जागा कोणती, भरतीच्या रेघेपासून तो किती उंचीवर बसला होता, लाटांच्या तोंडावर की आडोशाला, तारीख काय, गोळा कोणी केला, हे सारे तेथल्या तेथे लिहावे लागते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहितात. साधी शाई मद्यार्कात विरघळते, शिसे टिकते. पुढे डीएनए तपासावयाचा असेल तर प्राणी तीव्र मद्यार्कात ठेवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवला तर डीएनए खराब होतो. चिठ्ठी नसलेला शंख म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. कितीही सुंदर असो, ते कोठेही पोहोचत नाही.

मग प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्याचे विच्छेदन करून त्याची प्रजननेंद्रिये पाहतात. ह्या वंशात तीच भाग वेगळा दाखवितात. प्राणी एकमेकांना शुक्रजंतूंची जी पुरचुंडी देतात, तिचाही आकार जातीजातींत वेगळा असतो. रेत्रिकेचे दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. अगदी कोवळ्या शंखावर बालपणीच्या कवचाचा ठिपका शिल्लक असला तर तो पाहतात. कारण पिल्लू पाण्यात तरंगत वाढले की फितीतूनच चालत बाहेर आले, ह्याचा सुगावा त्यावरून लागतो. शेवटी डीएनए. २००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले की, प्राण्याच्या पेशीतील एका ठराविक जनुकाचा तुकडा, सुमारे साडेसहाशे अक्षरांचा, वाचला तर जाती ओळखण्यास मोठी मदत होते. तेव्हापासून ही रीत जगभर रूढ झाली आहे.

पण डीएनएची अक्षरे वेगळी निघाली म्हणजे काम संपले, असे नाही. येथून पुढे खरी दगदग सुरू होते. ह्या प्राण्याला पूर्वी कोणी नाव दिलेले तर नाही ना, हे पाहावयाचे असते. दीडदोनशे वर्षांतली निरनिराळ्या भाषांतली वर्णने काढावयाची, लंडन, पॅरिस येथल्या संग्रहालयांतले मूळ नमुने शोधावयाचे, आणि चिठ्ठ्यांवरची पुसट अक्षरे लावावयाची. कारण नियम असा की, आधीचे नाव ते खरे नाव. जमिनीच्या दाव्यात जसा जुना सातबारा काढावा लागतो, तसा येथे जुना नमुना काढावा लागतो.

ह्या कसोटीतून पार पडल्यावर नामकरण. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची चौथी आवृत्ती २००० सालापासून लागू आहे. नव्या जातीसाठी एक नमुना मूळ प्ररूप म्हणून नेमावा लागतो, तो कोठे ठेवला ते सांगावे लागते, इतर जातींहून वेगळेपण कशात आहे ते शब्दांत लिहावे लागते, आणि हे सर्व रीतसर प्रसिद्ध करावे लागते. नाव रोमन लिपीत हवे. पण वर्णन कोणत्या भाषेत असावे ह्याची सक्ती नाही. कोणी शास्त्रशुद्ध वर्णन मराठीत लिहिले, तर केवळ तेवढ्यामुळे ते बाद ठरणार नाही. पुढे कोणाला शंका आली तर त्याने लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. कपाट उघडून तो नमुना पाहावा. विज्ञानातली प्रामाणिकता अशी कपाटात जपून ठेवलेली असते.

ह्या रीतीने झालेल्या कामाचे एक उदाहरण घेऊ. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला तिएरा देल फुएगो, म्हणजे 'अग्निभूमी', हा प्रदेश आहे. नाव अग्निभूमी, हवा मात्र हाडे गोठविणारी. त्या बाजूच्या किनाऱ्यांवरील खोट्या लिंपेटांना काळाच्या ओघात अनेक नावे मिळाली होती. त्यांत 'लेसोनी' ही ब्लेनव्हिलने १८२७ साली वर्णिलेली, आणि 'लॅटरॅलिस' ही गूल्डने १८४६ साली. मग तेथे खरोखर जाती किती? अर्जेंटिनाच्या गुलेर, झेलाया व इतुआर्ते ह्या तिघांनी हाच प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकात घातला. उत्तर निघाले: तीन. लेसोनी, लॅटरॅलिस आणि एक अगदी नवी, जिला त्यांनी २०१५ साली 'सायफोनेरिया फुएजिएन्सिस' असे नाव दिले. ही नवी जाती लॅटरॅलिसच्या अगदी जवळच्या नात्यातली, आणि दोघी एकाच प्रदेशात नांदणाऱ्या. म्हणजे जी माणसे लॅटरॅलिस पाहत होती, ती कधी कधी फुएजिएन्सिसही पाहत होती; त्यांना ते ठाऊक नव्हते, इतकेच.

लॅटरॅलिसची आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जात नाहीत. अंड्यांच्या फितीतून बाहेर येतात ती चालणारी गोगलगाय होऊनच. असे असताना ती अग्निभूमीपासून हजारो मैल दूर, हिंदी महासागराच्या दक्षिणेस असलेल्या केर्गेलन बेटांवर कशी पोहोचली? त्या थंड समुद्रांत केल्प नावाचे प्रचंड समुद्रशैवाल वाढते. वादळात ते खडकावरून उपटून निघते आणि तराफ्यासारखे वाहत जाते. त्याच्या बुडख्यावर बसलेल्या गोगलगाई आणि त्यांची अंडी ह्यांना फुकटात प्रवास घडतो. नाव नीट ठरल्याशिवाय हा प्रवास कळला नसता. दोन जाती एकाच नावाखाली राहिल्या असत्या, तर कोण कोठून कोठे गेले ह्याचा हिशेबच लागला नसता.

उलट प्रकारचेही उदाहरण आहे. लिनीअसची पेक्टिनाटा अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर राहते, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१६ साली गिरिबेट आणि कावाउची ह्यांनी डीएनए तपासून दाखविले की, अमेरिकेकडची वस्ती वेगळ्या जातीची आहे. पण तिला नवे नाव द्यावे लागले नाही. स्टर्न्स नावाच्या अभ्यासकाने १८७२ सालीच फ्लॉरिडाच्या शंखांना 'नॉफ्रागम' असे नाव देऊन ठेवले होते. लोक ते बाजूला सारून बसले होते. ते जुने नाव झटकून पुन्हा वापरात आले. पूर्वजांनी लिहिलेले सारेच टाकाऊ नसते आणि सारेच प्रमाण नसते. पुन्हा तपासावे लागते, हा ह्यातला बोध. २०२४ साली ब्रूस जेन्किन्स आणि फ्रँक कोलर ह्यांनी हिंदी महासागरापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंतच्या खोट्या लिंपेटांचा असाच प्रचंड फेरतपास प्रसिद्ध केला, आणि त्यात अनेक नव्या जाती वर्णिल्या. त्याच्या शीर्षकाचा भावार्थ असा की, डोळ्यांसमोर असूनही दडलेले.

हा फेरतपास ज्या महासागराचा आहे, तो आपल्याही दाराशी आहे. तेव्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १८९३ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेच्या अहवालात जेम्स कॉस्मो मेलव्हिल ह्यांनी मुंबईच्या समुद्रातील पंचवीस नव्या शंखजातींचे वर्णन केले. शंख गोळा केले होते अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी ह्यांनी. त्याच वर्षीचे मेलव्हिल ह्यांनी दिलेले एक नाव आहे 'सायफोनेरिया बसिनेन्सिस'. बसीन म्हणजे आपली वसई; चिमाजीअप्पांनी १७३९ साली घेतलेली तीच. लॅटिन भाषेत गावाच्या नावापुढे 'एन्सिस' लावले की त्या गावचा असा अर्थ होतो. आपला 'कर' हा प्रत्यय नेमके तेच काम करतो. तेव्हा ह्या प्राण्याचे शुद्ध मराठी नाव 'वसईकर' असे होईल! फुएजिएन्सिस हा फुएगोकर, आणि रीव्हने १८५६ साली नाव दिलेला 'कराचीएन्सिस' हा कराचीकर. पुढे गावाचे इंग्रजी नाव सुटले, बसीनची पुन्हा वसई झाली. परंतु शास्त्रीय नाव बदलत नाही. ते एकदा दिले की दिले. त्यामुळे जगाच्या पाठीवर कोठेही हा प्राणी कोणी अभ्यासला, तरी त्याला वसईचे नाव घ्यावे लागते.

आता शेवटचा प्रश्न. नाव दिल्याने फरक काय पडतो? ह्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेत मिळते. केप टाउनच्या उत्तरेस लांगेबान नावाची खाडी आहे. तिच्या उथळ पाण्यात 'झोस्टेरा कॅपेन्सिस' हे समुद्री गवत वाढते. त्या गवताच्या अरुंद पातीवर एक खोटा लिंपेट राहतो. लांबी अवघी काही मिलिमीटर, आणि शंख दोन्ही बाजूंनी चेपलेला, कारण पाते अरुंद आहे. ब्रायन अ‍ॅलनसन ह्यांनी १९५८ साली त्याचे वर्णन करून त्याला 'कॉम्प्रेसा', म्हणजे चेपलेली, असे नाव दिले. पुढे तो दक्षिण किनाऱ्यावरच्या नाइस्ना येथेही आढळला. साऱ्या जगात त्याची घरे एवढीच माहीत आहेत.

पुढे काय झाले? १९६० सालापासूनची विमानातून घेतलेली छायाचित्रे जुळवून पाहिली, तेव्हा लांगेबानच्या खाडीतील ते गवत मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसून आले. गवत गेले तर त्यावरचा रहिवासी कोठे जाणार? तो खडकावर राहत नाही. दक्षिण आफ्रिकेतील अत्यंत संकटग्रस्त समुद्री मृदुकाय प्राण्यांत आज त्याची गणना होते. ह्या खाडीला १९८५ साली राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण मिळाले, आणि १९८८ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचा समावेश झाला. तरीही गवताचे दुखणे संपलेले नाही. पण आमचा मुद्दा निराळा आहे. १९५८ साली ते चार-दोन पानांचे वर्णन झाले नसते, तर हा प्राणी कमी होत आहे असे म्हणणारे कोण निघाले असते? नाव नसलेल्याची मोजणी होत नाही. ज्याची मोजणी नाही, त्याची घट कळत नाही. तो नाहीसा झाला तर कोणाला सुतकसुद्धा लागत नाही.

हीच गोष्ट आपल्या दारातही घडलेली आहे. मुंबईत किनारी रस्त्याचे काम चालू असताना, २०२० साली, हाजी अली व वरळी येथील खडकांवरच्या काही प्रवाळ-वसाहती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढून दुसरीकडे नेऊन बसविण्यात आल्या. इतकी खटपट का झाली? प्रवाळांचे नाव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहे म्हणून. कायद्याने त्यांच्यासाठी परवानगी मागावी लागली, नकाशे करावे लागले, शास्त्रज्ञ बोलवावे लागले. त्यांच्या शेजारी खडकाला चिकटलेल्या लहानसहान गोगलगाईंसाठी अशी तरतूद नाही. रस्ता हवा की नको, हा आजचा विषय नाही. शहराला रस्ते लागतात हे आम्हीही जाणतो. परंतु ज्याचे नाव कागदावर होते, त्याच्यासाठी निदान पालखी आली. ज्याचे नव्हते, त्याच्यासाठी काहीच आले नाही, एवढे ह्या प्रसंगातून ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, प्रत्येक गोगलगाईसाठी कामे अडवून ठेवावयाची काय? आमचे म्हणणे तसे नाही. गावात घर पाडावयाचे असले तरी आत कोण राहतो ह्याची आधी विचारपूस करतात. घर पाडावे की न पाडावे हा निर्णय त्यानंतरचा. आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांत कोण राहतो, ह्याची पूर्ण विचारपूस अजून व्हावयाची आहे. मेलव्हिल ह्यांच्या नावाखाली आज जे वसईकर म्हणून ओळखले जातात, ते सारे खरोखर एकाच जातीचे आहेत काय, की त्यांच्यातही अग्निभूमीसारखी एखादी निराळी जाती दडलेली आहे, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. आणि ते विचारण्यासाठी खडक जागेवर असले पाहिजेत.

ह्या कामाला जाणकार माणसे हवीत. वर्गीकरणाचे शास्त्र हे चिकाटीचे आहे. त्यात झटपट कीर्ती नाही, आणि एकेका जातीच्या निश्चितीत वर्षे जातात. म्हणून तरुण त्याकडे कमी वळतात. परंतु ॲबरक्रॉम्बी ह्यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे: शंख गोळा करणारा एक आणि वर्णन करणारा दुसरा, असे हे काम दोघांच्या हातांनी झाले. गोळा करणाऱ्याची नजर आणि नीट लिहिलेली चिठ्ठी, एवढ्या भांडवलावर आजही कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी, कोणी कोळीबांधव ह्या शास्त्राला हातभार लावू शकेल. जिवंत प्राणी उपटून आणण्याची तर गरजही नाही; जागा, तारीख आणि भरतीच्या रेघेपासूनची उंची टिपून घेतलेले छायाचित्रही उपयोगी पडते. मात्र खडक घसरडे असतात आणि भरती कोणासाठी थांबत नाही, म्हणून वेळापत्रक पाहून जावे, आणि एकट्याने जाऊ नये.

आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे करतात. पाळण्यात मूल घालून, कानात नाव सांगून, घुगऱ्या वाटल्या की ते मूल घराण्याचे झाले. मूल तर आधीच जन्मलेले असते. बारशाने त्याच्यात काही बदलत नाही. बदल होतो तो भोवतालच्या माणसांत. आता ह्याला सांभाळण्याची जबाबदारी आपली, असे ती माणसे मान्य करतात. नव्या जातीचे नामकरण हेही आम्हांस तसेच बारसे वाटते. खडकावरच्या त्या गोगलगाईला आपले लॅटिन नाव कधीच कळणार नाही, आणि त्याविना तिचे अडतही नाही. नावाची गरज आपल्याला आहे. कारण ज्याला आपण नावाने ओळखतो, त्याच्याविषयी 'आम्हांला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय पुढे राहत नाही.